बक्षिसाधारित व्यसनमुक्तीत संगणकाने नेमके काय करायचे?

तुमचा प्रश्न असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराच्या गावात तुम्ही आठवड्यातून दोन दिवस व्यसनमुक्तीचे समुपदेशन करता. साधारण तीस माणसे येतात आणि त्यांत खलाशी, जाळी दुरुस्त करणारे व बर्फाच्या कारखान्यातले कामगार अधिक आहेत. तपासणीत दारू आढळली नाही की छोटे बक्षीस द्यायचे, ही पद्धत तुम्हाला सुरू करायची आहे. पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करणारा तुमचा भाचा त्यासाठी मोबाइल ॲप बनवून द्यायला तयार आहे. ॲपमध्ये काय काय असावे, लोक फसवणार नाहीत ना, आणि हे बक्षीस म्हणजे दारू सोडण्यासाठी दिलेली लाच तर ठरत नाही ना, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते ॲपमध्ये काय असावे हा यातला दुय्यम प्रश्न आहे. ज्याला कंटिन्जन्सी मॅनेजमेंट म्हणतात त्या या पद्धतीचा सगळा जीव एका वचनात असतो: तपासणी स्वच्छ आली की ठरलेले बक्षीस, ठरलेल्या प्रमाणात, त्याच बैठकीत हातात पडेल, आणि स्वच्छ आली नाही तर कोणीही रागावणार नाही, पण बक्षीसही मिळणार नाही. ऐकायला हे सोपे वाटते, पण माणसांनी चालवलेल्या केंद्रात हे वचन रोज थोडे थोडे मोडते. कोणाची बायको रडते म्हणून आपण एक चिठ्ठी जास्त काढू देतो, कोणी उर्मटपणे बोलला म्हणून त्याचे बक्षीस पुढच्या वेळेवर ढकलतो, कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते तो त्या दिवशी लग्नाला गेलेला असतो. संगणकाचे पहिले आणि जवळजवळ एकमेव काम हे वचन मोडू न देणे हे आहे. मी सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर गेली सोळा वर्षे हे काम करतो आहे आणि त्यांतली नऊ वर्षे बक्षीस-पद्धत वापरतो आहे. पुढे जे लिहितो ते त्या अनुभवातून लिहितो. व्यसन कोणते, जवळ डॉक्टर आहे की नाही, पैसा कोठून येणार आणि तुमच्या गावात नेटवर्क कसे आहे, यांवर बरेच काही अवलंबून असल्यामुळे माझे आकडे जसेच्या तसे उचलू नका.

ॲपच्या आधी एक वैद्यकीय गोष्ट सांगणे भाग आहे. जो माणूस रोज, सकाळपासून, वर्षानुवर्षे पितो, त्याने बक्षिसाच्या आशेने अचानक दारू बंद केली तर पहिल्या काही दिवसांत त्याला फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून नाव नोंदवताना डॉक्टरांनी तपासले आहे का आणि दारू उतरवण्याचा टप्पा पार पडला आहे का, या दोन प्रश्नांची उत्तरे भरल्याशिवाय संगणकाने पहिली तपासणी नोंदवूच देऊ नये. भाच्याला हे कुलूप सर्वांत आधी बसवायला सांगा. उत्साहाच्या भरात हीच पायरी गाळली जाते.

आता मूळ पद्धत. अमेरिकेतील व्हर्माँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकेनच्या व्यसनासाठी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कूपनांची रचना केली. आठवड्यातून तीन वेळा लघवीची तपासणी, एकूण बारा आठवडे. पहिल्या स्वच्छ नमुन्याला अडीच डॉलरचे कूपन, पुढच्या प्रत्येक सलग स्वच्छ नमुन्याला आधीपेक्षा सव्वा डॉलर अधिक, आणि सलग तीन स्वच्छ आले की दहा डॉलर वर. नमुना स्वच्छ आला नाही किंवा माणूस आलाच नाही, तर कूपन पुन्हा अडीच डॉलरवर. त्यानंतर सलग पाच स्वच्छ आले की घसरण्यापूर्वी जिथे होता तिथे परत. यातला प्रत्येक नियम कशासाठी आहे हे भाच्याला समजावून सांगा. रक्कम वाढत जाते, कारण वीस दिवस कोरडे राहिलेल्या माणसाला एकविसावा दिवस गमावणे महाग वाटले पाहिजे. घसरल्यावर रक्कम खाली येते, कारण तसे नसेल तर एका दिवसाच्या घसरणीला काही किंमतच उरत नाही. आणि पाच स्वच्छ नमुन्यांनंतर जुनी पायरी परत मिळते, कारण ते दार नसेल तर एकदा घसरलेला माणूस "आता काय उरले" म्हणून येणेच सोडतो.

भाच्यासाठी यात एक उपयोगी कसोटीही आहे. छत्तीस तपासण्या सलग स्वच्छ आल्या तर वाढत्या कूपनांचे ८७७.५० डॉलर होतात, सलग तिनांचे बारा गट म्हणून १२० डॉलर वेगळे, एकूण ९९७.५०. त्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये हे नियम भरून छत्तीस स्वच्छ नोंदी द्या. उत्तर ९९७.५० येत नसेल तर तो प्रोग्रॅम माणसांसमोर ठेवू नका. मग तेराव्या तपासणीला घसरण, विसाव्याला गैरहजेरी अशी पाच-सहा उदाहरणे कागदावर हाताने सोडवा आणि ताळा करा. मी हे न करता सुरुवात केली होती, आणि त्याचा फटका कसा बसला ते पुढे येईलच.

कूपनांची रक्कम आपल्या केंद्रांना झेपणारी नाही. त्यावर अमेरिकेतीलच कनेक्टिकटमधील संशोधक नॅन्सी पेट्री यांनी चिठ्ठ्यांचा उपाय काढला. भांड्यात पाचशे चिठ्ठ्या. त्यांतल्या निम्म्यांवर फक्त "शाब्बास", २०९ वर लहान बक्षीस, ४० वर मोठे आणि एकीवर सर्वांत मोठे. स्वच्छ नमुन्याला चिठ्ठी काढायला मिळते आणि सलग स्वच्छ राहिल्यास चिठ्ठ्यांची संख्या वाढते. काढलेली चिठ्ठी परत भांड्यात जाते. दारूच्या व्यसनावरचा त्यांचा २००० सालचा अभ्यास फक्त ४२ माजी सैनिकांचा होता, पण आठ आठवडे उपचारांत टिकणाऱ्यांचे प्रमाण चिठ्ठ्यांच्या गटात ८४ टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात २२ टक्के होते. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००७ मध्ये या पद्धतीची शिफारस केली, अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांनी २०११ पासून ती स्वीकारली. एवढे सांगतो ते अशासाठी की पंचायतीत किंवा देणगीदारांपुढे तुम्हाला कोणीतरी नक्की विचारेल, हे खूळ कुठून आणले.

आपल्या खर्चाचा अंदाज असा काढा. लहान बक्षीस वीस रुपयांचे, मोठे दोनशेचे, सर्वांत मोठे दोन हजारांचे धरले, तर पाचशे चिठ्ठ्यांची एकूण किंमत १४,१८० रुपये, म्हणजे एका चिठ्ठीची सरासरी २८ रुपये ३६ पैसे. आठवड्यातून दोन तपासण्या, बारा आठवडे, म्हणजे चोवीस तपासण्या. पहिल्या वेळी एक चिठ्ठी, मग दोन, असे आठपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी आठच. एकदाही न घसरलेल्या माणसाला १६४ चिठ्ठ्या मिळतात आणि त्याच्यावर सरासरी ४,६५० रुपयांच्या आसपास खर्च येतो. बहुतेकांचा यापेक्षा कमी येतो, पण नियोजन पूर्ण खर्चाचेच करा. पैसे अर्ध्यात संपले म्हणून बक्षिसे थांबली, तर ते मुळीच सुरू न करण्यापेक्षा वाईट असते. बक्षीस अगदी बारीक करूनही भागत नाही. आमच्याकडे एकदा देणगी आटली म्हणून सगळ्या चिठ्ठ्यांवर पेन आणि साबणाची वडी एवढेच ठेवले, आणि माणसे नम्रपणे हसून निघून जाऊ लागली.

बक्षीस रोख नको, हे सांगायला नकोच. पण काय ठेवायचे ते तुमच्या माणसांना विचारा. मी सुरुवातीला प्रेरणादायी पुस्तके ठेवली होती, त्यांना कोणी हात लावला नाही. खपल्या त्या वस्तू म्हणजे चहा पावडर, खोबरेल तेल, विजेरी, नायलॉनचे सूत, मुलांची दप्तरे, मोबाइलचा रिचार्ज आणि ठरलेल्या किराणा दुकानाचे कूपन. दुकानदाराशी आधी बोलून तंबाखू आणि सिगारेट त्या कूपनावर द्यायची नाही असे ठरवून घ्या. सर्वांत मोठे बक्षीस, आमच्याकडे मिक्सर, काचेच्या कपाटात सतत दिसत राहिले पाहिजे. ते कोणाला लागले आणि कपाट महिनाभर रिकामे राहिले तर भांड्यातल्या चिठ्ठीवरचा विश्वास जातो. म्हणून संगणकात मालाची नोंद हवी आणि कोणती वस्तू संपत आली आहे हे त्याने आदल्या आठवड्यात सांगायला हवे. दिसायला हे किराणा दुकानाचे सॉफ्टवेअर वाटेल, वाटू द्या.

संगणकाकडे मी कसा वळलो तो प्रसंग सांगतो. दुसऱ्या वर्षी आमच्या हिशेब पाहणाऱ्या सहकाऱ्याच्या घरी आजारपण आले आणि तीन आठवडे बक्षिसे "वहीत लिहून ठेवली आहेत, नंतर देऊ" यावर चालली. एक पैसाही बुडाला नाही, सगळी बक्षिसे पुढे दिली गेली, तरी त्या तीन आठवड्यांत सहा जण यायचे थांबले. व्यसनात सापडलेल्या मनाला आत्ताचे वीस रुपये पुढच्या महिन्याच्या दोनशेंपेक्षा मोठे दिसतात. दारू हेच करते. तिचे बक्षीस पाच मिनिटांत मिळते आणि किंमत पाच वर्षांनी द्यावी लागते. तिच्याशी स्पर्धा करायची तर आपली उधारी चालत नाही. तेव्हापासून तपासणीचा निकाल नोंदवल्याशिवाय पुढचा माणूस पडद्यावर येत नाही आणि आधीच्या माणसाला बक्षीस दिल्याची खूण केल्याशिवाय निकालाची नोंद पूर्ण होत नाही, अशी रचना आम्ही केली. या दोन अटींनी जे साधले ते मला पुष्कळ व्याख्यानांनी साधता आले नव्हते.

मात्र संगणकाकडे किती द्यायचे याची मर्यादा मला रुग्णांनीच शिकवली. आम्ही एकदा चिठ्ठीही पडद्यावरच काढायला लावली; बटण दाबा, चाक फिरते, बक्षीस दिसते. गणिताच्या दृष्टीने ते भांड्याइतकेच प्रामाणिक होते. पण दुसऱ्याच आठवड्यात एक वयस्क तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणाला, "मडक्यातली चिठी मी काढतंय, ह्या पेटीतली कोण काढता?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही मातीचे मडके परत आणले. आता संगणक फक्त सांगतो की आज पाच चिठ्ठ्या. हात मडक्यात रुग्णाचाच जातो, आणि निघालेली चिठ्ठी मी त्याच्यासमोर नोंदवतो. तुमच्या भाच्याला फिरत्या चाकाचा मोह होईल, तो आवरायला सांगा. त्याऐवजी प्रत्येक भेटीच्या शेवटी हातात देता येईल असा छोटा छापील कागद निघू द्या: आज किती चिठ्ठ्या मिळाल्या, पुढच्या वेळी स्वच्छ आल्यास किती मिळतील, पुढची तारीख. हा कागद माणसे खिशात ठेवतात. पुढच्या वेळी काय मिळणार हे ठाऊक असणे हाच या पद्धतीचा अर्धा परिणाम आहे.

आता तपासणीकडे वळतो, कारण तपासणी कच्ची असेल तर सॉफ्टवेअर कितीही पक्के असून उपयोग नाही. फुंकण्याचे यंत्र स्वस्त आणि तात्काळ निकाल देणारे आहे, पण त्याची नजर काही तासांपुरतीच असते. रात्री नऊला एक क्वार्टर घेतलेल्या मध्यम बांध्याच्या माणसाचे यंत्र दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-नऊला शून्य दाखवू शकते. तुमचे केंद्र सकाळी अकराला उघडत असेल तर केवळ यंत्रावर दिलेले बक्षीस दारू सोडल्याचे नसून सकाळी न प्यायल्याचे असते. दारू पचताना शरीरात तयार होणाऱ्या ईटीजी या घटकाची लघवीतली तपासणी प्यायलेल्या प्रमाणानुसार साधारण दोन ते तीन दिवस मागचे सांगते, म्हणून आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, ती केल्यास फारशी फट राहत नाही. तिचा दोष असा की ती फार संवेदनशील आहे. अल्कोहोल असलेले खोकल्याचे औषध, तोंड धुण्याचे द्रव्य, हातावर वारंवार चोळलेले सॅनिटायझर यांमुळेही ती होकारार्थी येऊ शकते. नाव नोंदवतानाच या वस्तूंची यादी समजावून सांगा आणि समजल्याची सही घ्या, म्हणजे नंतर वाद होत नाहीत.

तुम्ही तंबाखूचाही उल्लेख केला आहे. फुंकून कार्बन मोनॉक्साइड मोजणारे यंत्र विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी चांगले, पण मिश्री आणि गुटख्याचा धूर होत नसल्यामुळे आपल्या बहुतेक बायामाणसांचे व्यसन त्याला दिसतच नाही. तिथे लाळेतील किंवा लघवीतील कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात तयार होणारा घटक, पाहावे लागते, आणि माणूस निकोटिनचे च्युइंगम घेत असेल तर तेही फसते. गांजा रोज ओढणाऱ्याची लघवी त्याने ओढणे सोडल्यावरही काही आठवडे होकारार्थी राहू शकते. अशा माणसाने प्रामाणिकपणे सोडूनही त्याला महिनाभर "नापास" करणे क्रूरपणाचे आहे. त्याला पहिल्या महिन्यात फक्त हजेरीचे बक्षीस द्यावे. म्हणून प्रोग्रॅममध्ये वर्तन आणि तपासणी या दोन्ही गोष्टी प्रत्येक माणसासाठी वेगळ्या निवडता आल्या पाहिजेत. सगळ्यांना एकच साचा लावणारे ॲप इथेच अडते.

फसवणुकीबद्दल तुम्हाला वाटते तेवढी काळजी करू नका, पण डोळेही मिटू नका. समोरासमोरच्या तपासणीत नमुन्याचे तापमान पाहणे आणि तपासणीचा दिवस अधूनमधून बदलणे एवढे पुरते. दुरून करायची झाल्यास भाच्याच्या ॲपला खरे काम आहे. परदेशात धूम्रपानासाठी असे प्रयोग झाले आहेत, ज्यांत माणूस घरी यंत्रात फुंकतो आणि त्याचे चित्रीकरण पाठवतो. आम्ही दहा-बारा जणांसाठी तसे करतो. ठरलेल्या वेळेच्या टप्प्यात केव्हातरी फोनवर संदेश जातो, त्यात चार आकडी क्रमांक असतो, आणि अर्ध्या तासाच्या आत चेहरा, तो क्रमांक लिहिलेला कागद आणि यंत्राचा आकडा एकाच सलग चित्रणात दिसावा लागतो. चित्रण माणूस तपासतो. तुमच्या भाच्याने सुचवलेली चेहरा ओळखणारी प्रणाली लागत नाही. तीस माणसांना तुम्ही ओळखता. दुरून स्वच्छ निकाल आला की बक्षीस म्हणून मोबाइल रिचार्ज लगेच करता येतो, आणि तात्काळ असण्याची अटही पाळली जाते.

आता आपल्या किनाऱ्याची खरी अडचण, जी परदेशी पुस्तकांत सापडत नाही. माझा सर्वांत लाजिरवाणा प्रसंग हाच आहे. आमच्या पहिल्या प्रोग्रॅममध्ये गैरहजेरी म्हणजे घसरण असा सरळ नियम होता. सलग सात आठवडे स्वच्छ असलेला एक खलाशी नऊ दिवस समुद्रावर गेला आणि परत आल्यावर ताठ मानेने केंद्रात आला. पडद्यावर त्याच्या नावापुढे एक चिठ्ठी दिसत होती. त्याची पायरी तळाला गेली होती. तो ओरडला नाही. एवढेच म्हणाला, "तुमच्या मशीनीन माका बेवडो ठरवल्यान." मी त्याच दिवशी हाताने दुरुस्ती केली, माफी मागितली, पण तो पुन्हा यायला दीड महिना लागला. नियम मीच लिहून दिला होता, संगणकाने तो निमूटपणे पाळला होता; आणि तो पाळताना त्याला क्षणभरही थांबावेसे वाटले नाही, हाच संगणकाचा गुण आणि हाच दोष.

तेव्हापासून आमच्याकडे गैरहजेरीचे तीन प्रकार आहेत. न सांगता आला नाही, तर घसरण धरली जाते. समुद्रावर गेला आणि जाण्यापूर्वी कळवले, तर पायरी जिथल्या तिथे थांबते, वर जात नाही आणि खालीही येत नाही. मात्र किनाऱ्याला लागल्यापासून चोवीस तासांच्या आत तपासणी द्यावी लागते, कारण हिशेब होऊन पैसे हातात पडतात तीच संध्याकाळ सर्वांत धोक्याची असते. तिसरा प्रकार म्हणजे चूक आमची: केंद्र बंद होते, तपासणीच्या पट्ट्या संपल्या होत्या, अतिवृष्टीने रस्ता वाहून गेला होता. तेव्हा माणसाला स्वच्छ धरले जाते आणि चिठ्ठ्या पूर्ण मिळतात. तिसऱ्या प्रकाराबाबत सहकाऱ्यांत मतभेद आहेत. काहींच्या मते तिथेही पायरी फक्त थांबवावी. मी वचन आमच्याकडून मोडले गेले असे मानतो, म्हणून त्याची किंमत आम्ही भरतो.

तांत्रिक बाजूचे थोडेच सांगतो, ते तुमच्या भाच्याला माझ्यापेक्षा अधिक कळते. प्रणाली नेटशिवाय पूर्ण चालली पाहिजे. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही एकदम जातात आणि त्याच दिवशी केंद्रात गर्दी असते. नोंद खोडता येऊ नये. चूक झाल्यास बँकेच्या पासबुकाप्रमाणे उलटी नोंद करून ती दुरुस्त व्हावी आणि कोणी, केव्हा, का केली हे दिसावे. नियम बदलले तरी चालू असलेल्या माणसाला त्याने सही केलेलेच नियम लागू राहावेत. रोज संध्याकाळी एक पान छापून फाइलला लावावे. खाऱ्या हवेने आमचे दोन लॅपटॉप खाल्ले, कागद मात्र शाबूत आहेत. तीस माणसांसाठी नियम कागदावर पक्के असतील तर साधी एक्सेलची फाइलसुद्धा पहिले तीन महिने पुरते, आणि मी तर तसेच सुरू करा असे सुचवेन.

कृत्रिम बुद्धिमत्तेने कोण घसरणार हे आधी ओळखावे, अशी भाच्याची कल्पना आहे. तीस माणसांच्या नोंदींतून ते होणार नाही, आणि झाले तरी "मशीन म्हणते तू उद्या पिणार" हे कोणाला सांगायचे? लागोपाठ दोन भेटी चुकल्या की पडद्यावर लाल खूण यावी आणि त्या दिवशी कोणीतरी फोन करावा. पुढचे काम फोनवर बोलणाऱ्या माणसाचे.

गोपनीयतेबाबत मात्र काटेकोर राहा. गाव लहान आहे आणि फोन घरात चार जण हाताळतात. संदेशात दारू, व्यसन, तपासणी, केंद्राचे नाव यांतले काहीही नसावे. आमचा संदेश "आज भेटायचे आहे" एवढाच असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि डिजिटल वैयक्तिक माहितीसाठी २०२३ चा कायदा आहे. बोटीचा मालक तुम्हाला देणगी देत असेल तर तो एक दिवस सहज विचारेल, "आमचा अमका पितो का अजून?" त्याला उत्तर द्यायचे नाही हे आजच ठरवा आणि देणगी घेतानाच त्याला सांगा. पासवर्ड सर्वांचा एकच ठेवण्याची आपल्याकडची सवयही इथे सोडावी लागेल.

लाचेचा प्रश्न मी शेवटाकडे ठेवला, कारण तो मला सर्वांत कमी अवघड वाटतो. लाच म्हणजे जे करू नये ते करण्यासाठी दिलेला मोबदला. इथे माणूस जे करू पाहतो आहे आणि ज्यासाठी स्वतःशी झगडतो आहे, त्याचेच आपण वजन वाढवतो. मुलाने शाळेत जावे म्हणून दुपारची खिचडी दिली तर तिला कोणी लाच म्हणत नाही. मला त्यापेक्षा सोडतीचा मुद्दा गंभीर वाटतो. ज्याने मटक्यात घर घालवले आहे त्याच्यासमोर मडके ठेवायचे का? पेट्री स्वतः जुगाराच्या व्यसनाच्या अभ्यासक होत्या आणि त्यांनी हा प्रश्न तपासला. चिठ्ठ्यांमुळे जुगार वाढल्याचे त्यांना आढळले नाही. तरीही ज्याला जुगाराचे व्यसन आहे किंवा होते त्याला मी चिठ्ठी देत नाही, ठरलेल्या रकमेचे कूपन देतो. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी एक वेगळी खूण ठेवा.

बक्षिसे थांबल्यावर काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो येणारच. परिणाम काही प्रमाणात ओसरतो, हे मान्य करूनच चालावे. बारा आठवडे ही दारू नसलेल्या जगण्याची चव लागण्यासाठी मिळवलेली मुदत आहे, आणि त्या मुदतीत समुपदेशन, डॉक्टरांची औषधे, घरच्यांची बैठक, जमल्यास अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सभा, हे सगळे चालू असायला हवे. म्हणून कधी सुरू करायचे याला आपल्याकडे फार महत्त्व आहे. मी १ जून निवडतो. यांत्रिक मासेमारी ३१ जुलैपर्यंत बंद असते, माणसे घरी असतात, दोनदा तपासणीला येऊ शकतात, आणि हातात पैसा नसल्यामुळे वीस रुपयांच्या चहा पावडरीचीही किंमत वाटते. त्याच दोन महिन्यांत रिकामपणामुळे पिणेही वाढते, म्हणजे गरज तेव्हाच अधिक असते. बारा आठवडे २३ ऑगस्टला संपतात, तोपर्यंत बोटी सुटून तीन आठवडे झालेले असतात. नारळी पौर्णिमा, पहिली फेरी, पहिला हिशेब, पहिली मोकळी संध्याकाळ, यांतले बरेचसे बक्षिसे चालू असतानाच येऊन जाते. मार्चमध्ये सुरुवात केल्यास उराकाचा, म्हणजे काजूच्या दारूचा, हंगाम आणि आंब्याचे पैसे एकदम अंगावर येतात. आम्ही एकदा तसे करून पाहिले आणि निम्मी माणसे एप्रिलमध्येच गळाली.

तेव्हा भाच्याला घाई करू देऊ नका. जूनपर्यंत त्याच्याकडून कागदावर नियम, गैरहजेरीचे तीन प्रकार आणि हाताने सोडवलेली दहा उदाहरणे एवढेच मागा. तुम्ही मातीचे मडके आणा, तोंड हात जाण्याइतके रुंद असू द्या, आणि पाचशे चिठ्ठ्या केंद्रात येणाऱ्या माणसांकडूनच कापून, लिहून, मोजून मडक्यात टाकून घ्या.